हाताने वळलेली सिगार: पारखायची कशी, गुण द्यायचे कसे

मधलं_पान:
सिगारवरचे धागे इथे येतात आणि 'एक नंबर' किंवा 'पैसे पाण्यात' यावर संपतात. हा धागा फक्त पारखण्यावर. आपलं मत पानाबद्दल आहे, वळणाऱ्याच्या हाताबद्दल आहे, की आपण ती ठेवली कशी याबद्दल आहे, हे वेगळं करता आलं पाहिजे. माझं म्हणणं असं की मुंबई-पुण्यात जिला लोक 'खराब' म्हणतात ती बहुतेकदा साठवणीत बिघडलेली असते, वळणीत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून दोन सिगारी समोर धरू. एक क्युबाची पार्तागास सेरी डी नंबर ४: रोबुस्तो म्हणजे आखूड-जाड घाटाची, १२४ मिमी लांब, ५० रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, म्हणजे ही साधारण १९.८ मिमी जाड. दुसरी निकाराग्वाची पाद्रोन १९६४ अॅनिव्हर्सरीमधली एक्स्क्लुसिव्हो: जाडी तीच ५०, लांबी साडेपाच इंच, पण पेटीत दाबून चौकोनी केलेली.

पेटवण्याआधीच निम्मी माहिती मिळते. रॅपरची, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पानाची, शिवण सारख्या अंतराने फिरत गेली आहे का ते पाहा. जाड शिरा दिसायला वाईट आहेत हा मुद्दा नाही, शीर सावकाश जळते आणि जळण्याची रेघ तिथे अडते. मग पेटवायच्या टोकाकडून आत डोकवा. पानांच्या घड्या मोकळ्या, सगळीकडे सारख्या दिसायला हव्यात. सगळ्यात काळपट, जाड पान हे लिगेरो. ते झाडाच्या शेंड्याकडचं, सगळ्यात कडक आणि सावकाश जळणारं, म्हणून मधोमध हवं. ते एका बाजूला सरकलेलं दिसलं तर ती बाजू मागे राहणार, आणि सिगार होडीसारखी एकीकडून खात जाणार, हे काडी लावण्याआधीच सांगता येतं.

मग अंगठा आणि दोन बोटांत धरून पेटवायच्या टोकापासून डोक्यापर्यंत (तोंडात धरायच्या बाजूपर्यंत) हलकं दाबत जा, पाव फेरा फिरवा, पुन्हा. दाबून सोडल्यावर परत वर यायला हवी. कुरकुरली तर कोरडी. खड्डा तसाच राहिला तर ओली. एकाच जागी गाठ लागली तर तिथे पान पिळलं गेलंय. एकाच जागी पोकळ लागली तर तिथे पोचल्यावर धूर गरम आणि कडू होणार.

खारा_वारा:
धागा उत्तम. 'साठवणीत बिघडते' याला +१००, त्यावरच लिहितो.

मुंबईत जुलैमध्ये हवा ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. युरोप-अमेरिकेतले सगळे सल्ले ओलावा वाढवायचे असतात, आपल्याला चार महिने तो काढायचा असतो. लाकडी ह्युमिडॉरचं (सिगारी ठेवायच्या पेटीचं) झाकण हवाबंद नसतंच, त्यामुळे आतलं ओलावा राखणारं पॅक दमटपणा शोषून शोषून फुगतं आणि काट्यावर ७४-७५ दिसायला लागतं. ओली सिगार ओढायला घट्ट, सारखी विझणारी, आणि चव उकडल्यासारखी. मग लोक लिहितात 'वळणी खराब'.

उपाय साधा आहे. रबरी कडेचा हवाबंद स्वयंपाकघरी डबा, नवीन, कधीही मसाला न ठेवलेला. त्यात ६५ टक्क्यांचं दुहेरी काम करणारं पॅक, ६० ग्रॅमचं एक पॅक साधारण २५ सिगारींना. हे पॅक ओलावा देतं तसं घेतंही. त्यात सिगारच्या पेटीतली पातळ लाकडी फळी टाकली की झालं. दिसायला दरिद्री, पण नक्षीदार पेटीपेक्षा खात्रीचं.

हायग्रोमीटरवर (दमटपणा मोजणाऱ्या काट्यावर) आंधळा विश्वास नको. चमचाभर मीठ, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा (विरघळवायचं नाही), बाटलीच्या झाकणात. झाकण आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत बंद करून १२ तास. काट्याने ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवला तर तुमचा काटा ४ ने कमी सांगतो, तेवढे मिळवत जा.

मधलं_पान:
@खारा_वारा, यात वाइन कूलरचं (वाइन थंड ठेवायच्या कपाटाचं) काय? तापमानासाठी बरेच जण तो वापरतात.

खारा_वारा:
वापरावा, पण बाहेर काढताना घोळ होतो आणि तो कुणी सांगत नाही. कपाटात १८ अंश, बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे १८ अंशांची सिगार उघड्यावर काढली की थंड बाटलीला घाम फुटतो तसं पाणी रॅपरवर धरतं, डोळ्यांना दिसो वा न दिसो. रॅपर कागदासारखं पातळ, ते फुगतं, सैल होतं आणि पेटवल्यावर चिरतं. सिगार आतच झिप पिशवीत घालायची, बंद पिशवी बाहेर तास-दीड तास ठेवायची, खोलीइतकी झाली की मग उघडायची.

आणि पावसाळ्यात उघड्या बाल्कनीत बसून पारख करू नका. ओढत असतानाही न जळलेला भाग हवेतलं पाणी पितच असतो.

साधा फ्रिज मात्र अजिबात नाही. कोरडा असतो, आणि कालची लसूण चटणी सिगारमध्ये उतरते.

काथ_चुना:
६५ वर सगळ्यांना बसवू नका. क्युबन ६२ ते ६५ वर छान जळतात हे मान्य. पण निकाराग्वाच्या, विशेषतः जाड काळसर रॅपरच्या, ६७ ते ६९ वर मला जास्त गोल लागतात. ६२ ला त्यांचा मिरपुडीसारखा तिखटपणा वर येतो. तुलना करायची तर दोन्ही किमान तीन आठवडे एकाच डब्यात एकाच आकड्यावर हव्यात, हे खरं. नाहीतर पानांची नाही, पॅकची तुलना होते.

खारा_वारा:
चवीचं असू द्या, पण ६९ वर पावसाळ्यात बुरशीपासून फार अंतर उरत नाही. मी ६५ च म्हणेन.

काथ_चुना:
ऑक्टोबर ते मे मी ६७, पावसाळ्यात तुम्ही म्हणता ते. सध्या इथेच थांबू. :)

मधलं_पान:
आता कापणं आणि पेटवणं. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे.

टोपी म्हणजे डोक्यावर वनस्पतीज डिंकाने चिकटवलेला रॅपरचाच तुकडा. क्युबन सिगारींवर साधारण तीन वळसे मोजता येतात. काप टोपीच्या हद्दीतच, डोक्याच्या टोकापासून दीड-दोन मिमीवर, खांदा उतरायला लागतो त्याच्या वर. खाली गेलात की टोपी संपते आणि रॅपर ओढताओढता उलगडत येतं. पाते दुहेरी घ्या. एकेरी पाते एका बाजूने दाबतं आणि चिरतं. पंचने पडणारं भोक रोबुस्तोला पुरतं, पण डांबरट रस त्याच छोट्या भोकात साठतो आणि शेवटच्या तिसऱ्या भागात जिभेला कडू झोंबतो. तुलनेसाठी दोन्हींना एकच काप द्या.

कापल्यावर न पेटवता ओढून पाहा. किंचित अडथळा हवा. अजिबात नसेल तर भरण कमी. गालफडं आत जायला लागली तर घट्ट. आधी अजून अर्धा मिमी कापा. तरी घट्ट असेल तर पेटवू नका, ६२ च्या पॅकवर आठवडाभर ठेवा. सुटली तर ती ओली होती, दोष साठवणीचा. तशीच राहिली तर आत पान पिळलंय, दोष वळणाऱ्याचा. दोन कारणं वेगळी करायचा एवढा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा लांब लाकडी काडी. काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग जवळ न्या. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या तिसऱ्या भागात बसतो. ज्योत टोकाला टेकवायची नाही. सेंटिमीटरभर खाली धरून सिगार फिरवत कड आधी शेकून घ्यायची, पूर्ण वर्तुळ राखाडी झालं की मग ओढत फिरवायची. शेवटी टोकावर फुंकर घालून पाहा, न पेटलेला ठिपका काळा दिसतो. जेट लायटरने घाईत कड जाळली तर पहिली दहा मिनिटं कोळशाची चव येते, आणि ती सिगारच्या नावावर लिहिली जाते.

वेग: ४५ सेकंद ते मिनिटाला एक झुरका. रोबुस्तो पाऊण तास ते तासभर चालली पाहिजे. अर्ध्या तासात संपली तर तुम्ही तिला तापवलीत.

नवखा_झुरका:
वाचतोय, खूप माहिती मिळतेय. दोन प्रश्न. एका बाजूनेच जळत गेली तर काय करायचं? आणि राख लांब टिकली की सिगार चांगली, हे खरं का?

काथ_चुना:
एका बाजूने जळणं: आधी काही करू नका, दोन-तीन झुरक्यांत बऱ्याचदा आपोआप जुळतं. नाही जुळलं तर मागे राहिलेली बाजू खाली करून धरा, खालच्या बाजूला हवा जास्त मिळते. फरक सेंटिमीटरच्या वर गेला तर मागे राहिलेल्या कडेलाच लायटर लावून सरळ करून घ्या. कारणं तीन: लिगेरो बाजूला सरकलेलं, पेटवताना एक कड सुटलेली, किंवा एका अंगाला ओल जास्त. पंख्याखाली बसल्यावर वाकडं जळणं आणखी वाढतं. पंखा बंद करा, नाहीतर जळण्याबद्दल शेराच देऊ नका.

उलटा प्रकार म्हणजे आतून पोखरत जाणं: मधलं भरण जळतं, रॅपर तसंच उभं. रॅपर ओलं किंवा फार तेलकट असेल किंवा तुम्ही फार सावकाश ओढत असाल तर होतं.

राख: लांबी वळणीबद्दल थोडंसं सांगते. लांब, अखंड पानाचं भरण असेल तर दोन-तीन सेंटिमीटर आरामात टिकते. तुकड्यांचं भरण असेल तर लवकर सांडते. चवीबद्दल काहीच सांगत नाही. पांढरी राख म्हणजे उत्तम हेही तसंच. रंग मातीतल्या खनिजांवर जातो, मॅग्नेशियम जास्त असेल तर राख पांढरी. मी बघतो ती राख आणि रॅपर यांच्यामधली काळी कड. ती पेन्सिलच्या रेघेइतकी बारीक असेल तर ठीक. जाड, चकचकीत काळी असेल तर पान ओलं किंवा आंबवणीत कच्चं राहिलेलं.

मधलं_पान:
आंबवणीचा विषय निघालाच आहे तर. पानं वाळवल्यावर त्यांचे मोठे ढीग रचतात, आत उष्णता वाढते, ठरलेल्या तापमानाला ढीग मोडून पुन्हा उलटा रचतात. यात अमोनिया निघून जातो. कच्च्या राहिलेल्या किंवा नुकत्या वळलेल्या सिगारीत तो नाकाला लागतो, मुतारीसारखा झोंबरा वास. न पेटवता टोकाकडून हुंगलं तरी कळतं. अशी सिगार वाईट नसते, कोवळी असते. क्युबन पेटीच्या बुडाला शिक्का असतो, महिन्याची तीन स्पॅनिश अक्षरं आणि वर्ष: एनेरोला ईएनई, ऑगस्टला एजीओ. तो वाचा. आठ-दहा महिन्यांच्या आतली असेल आणि झोंबत असेल तर डब्यात वर्षभर विसरा, गुण नंतर द्या. पाद्रोनच्या १९६४ मालिकेचं पान वळण्याआधीच चार वर्षं मुरवलेलं असतं, म्हणून ती पेटीतून काढून लगेच ओढली तरी चालते. दोन्ही ताज्या पेट्या उघडून तुलना केली तर क्युबनवर अन्याय होतो.

सुपारी_फुटली:
चवीकडे या की राव.

काथ_चुना:
आलो. आधी जीभ कोरी हवी. जेवणानंतर तासभर, आधी पान-मसाला-बडीशेप नको. सोबत साधं पाणी, खोलीच्या तापमानाचं. कॉफी, व्हिस्की यांच्यासोबत सिगार छान लागते, पण मग गुण दोघांना मिळतात.

धूर छातीत ओढायचा नाही. तोंडात तीन-चार सेकंद फिरवायचा, बहुतेक सोडून द्यायचा, आणि उरलेला थोडासा नाकातून बाहेर. हे जमल्याशिवाय पारख होत नाही, कारण गोड, कडू, खारट, आंबट अशा मोजक्याच चवी हे जिभेचं काम. लाकूड, कोको, माती हे सगळं नाकाचं. पहिल्यांदा पाचातला एकच झुरका असा सोडा आणि तोही अगदी थोडा. निकाराग्वाची एस्तेलीकडची पानं नाकात मिऱ्यासारखी चढतात, डोळ्यांत पाणी येतं.

शब्द आपलेच वापरा. इंग्रजी परीक्षणांत 'चेरी', 'ग्रॅहम क्रॅकर' असतं, ते आपल्याकडे किती जणांनी हुंगलंय? न पेटवलेल्या क्युबनला गोठ्याचा वास येतो, वाळलेला चारा आणि शेण, आणि तो चांगला मानतात. पेटवल्यावर: भाजलेला शेंगदाणा, सुकं खोबरं, कोको, नवं कातडं, पहिल्या पावसाची माती, जायफळ, काथाचा तुरटपणा. डी ४ मध्ये माती, कातडं आणि मिरं पुढे असतं, गोडवा मागून येतो. पाद्रोनमध्ये कोको आणि कॉफी आधी. तुरट आणि कडू यांत गल्लत करू नका. तुरट म्हणजे तोंड आवळतं, तो बऱ्याचदा पान कोवळं असल्याचा दोष. कडू म्हणजे बहुतेकदा तुम्ही भराभर ओढलीत.

तीन भागांत टिपा. पहिला भाग ओळखीचा, त्यावर मत नको. दुसऱ्यात सिगार स्थिरावते, खरे गुण तिथे. तिसऱ्यात डांबर आणि उष्णता वाढतेच, ती वाढूनही चव टिकली तर पान खरंच चांगलं. प्रत्येक भागाला दोनच ओळी लिहा. झुरक्यागणिक लिहिणाऱ्यांना सिगार ओढायला वेळ मिळत नाही.

गाठोडं:
काळी सिगार म्हणजे कडक, हे एकदाचं खोडून काढा कोणीतरी.

मधलं_पान:
खोडलं. मादुरो रॅपरचा काळेपणा जाड पानाला जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवल्याने येतो, आणि त्यात गोडवा वाढतो. कडकपणा आतल्या लिगेरोच्या प्रमाणावर ठरतो. फिकट रॅपरमध्ये भरपूर लिगेरो भरलं तर तीच गरगरवते.

दुसरी दंतकथा: 'सत्तर टक्के चव रॅपरची'. असा एकच आकडा असूच शकत नाही. रॅपरचं प्रमाण परिघावर, भरणाचं क्षेत्रफळावर, म्हणजे जाडी वाढली की रॅपरचा वाटा घटतो. ३८ गेजच्या लान्सेरोत (लांब, बारीक सिगारीत) ५४ गेजच्या मानाने रॅपर भरणाच्या प्रमाणात १.४ पट. म्हणून एखादं रॅपर समजून घ्यायचं असेल तर त्याच मिश्रणाची बारीक सिगार घ्या. आजकाल ६० गेजचे सोटे विकतात, त्यात जबड्याचा व्यायाम होतो एवढंच.

वैद्यबुवा_नव्हे:
एक पुरवणी, उपदेश नाही. सिगारचा धूर सिगारेटपेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. 'छातीत ओढत नाही म्हणजे लागत नाही' हे चूक. मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. उचकी, थंड घाम, मळमळ ही जास्त झाल्याची खूण. थांबा, साखर-पाणी घ्या, आडवे व्हा. एका बैठकीत दोन सिगारींची तुलना करू नका, दुसरीला गुण निकोटीन देतं. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका न गिळताही राहतोच. आणि सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, हॉटेलच्या टेबलावर पारख करायला बसू नका.

काथ_चुना:
योग्य. म्हणूनच तुलना वेगवेगळ्या दिवशी, पण दिवसाच्या त्याच वेळी, त्याच जागी.

गुणपत्रिका, माझी सूचना: दिसणं १०, ड्रॉ (ओढताना धूर किती सहज येतो) आणि बांधणी २५, जळणं १५, चव ३०, तीन भागांत होणारा बदल १०, मागे राहणारी चव १०. एकूण १००.

मधलं_पान:
ड्रॉला २५ गुण देण्याला माझा विरोध आहे. घट्ट सिगार चवीच्या तीसपैकी २८ घेऊन एकूण ८० ला पोचू शकते, आणि प्रत्यक्षात ती अर्ध्यात टाकून दिलेली असते. ड्रॉ ही पास-नापासची पायरी ठेवा. नापास झाली तर गुणच नाहीत, तेवढीच नोंद. हाताने वळलेल्या मालात फरक असतोच, म्हणून एका पेटीतल्या तीन ओढल्याशिवाय आकडा जाहीर करू नका. तिनांतली एक घट्ट निघाली तर ते गुणांत मिसळू नका, वेगळं लिहा.

आणि पट्टी झाका. लाल पट्टी आणि पार्तागास हे नाव दिसलं की दहा गुण आपोआप वाढतात. पट्टी आधी काढायला जाऊ नका, डिंक रॅपरला लागलेला असेल तर रॅपर फाटतं. वरून कागदाची पट्टी गुंडाळा आणि नंबर टाका. पहिला भाग संपल्यावर उष्णतेने डिंक सैल होतो, तेव्हा निघते. एक अडचण राहते: पाद्रोन चौकोनी आहे, ती हातात घेताच ओळखू येते. खरी आंधळी पारख हवी तर दोन्ही गोल घ्या.

काथ_चुना:
पास-नापास मान्य. मग ते २५ चवीत १५ आणि मागच्या चवीत १० असे वाढवा.

नवखा_झुरका:
खोटा माल कसा ओळखायचा? परदेशातून येणारे लोक काचेच्या झाकणाच्या पेटीत क्युबाची कोहिबा आणतात.

गाठोडं:
काचेच्या झाकणाची कोहिबा म्हणजे खोटी, पुढे तपासायची गरजच नाही. बाकी पेट्यांवर खरेपणाच्या या खुणा: डावीकडे हिरवं वॉरंटी सील, २०१० पासूनच्या सीलवर होलोग्राम आणि बारकोड. बुडाला डाग देऊन उमटवलेली 'हाबानोस एस. ए.', 'हेचो एन कुबा', 'तोताल्मेन्ते आ मानो' ही अक्षरं, चिकटवलेला कागद नव्हे. शाईचा कारखाना-तारखेचा शिक्का. आत सगळ्या सिगारींचा रंग एका छटेचा आणि डावीकडून उजवीकडे गडद ते फिकट असा लावलेला. पट्ट्या एका रेषेत. आणि एक सिगार लांबीत कापून बघा: आत झाडलोट केल्यासारखा चुरा असेल तर झालं. हवानाच्या रस्त्यावर 'भाऊ कारखान्यात आहे' म्हणणाऱ्याकडून घेतलेली क्युबाचीच असते, पण त्या ब्रँडची नसते.

सुपारी_फुटली:
माझ्या डब्यात सिगारींवर पांढरी पूड दिसतेय. काही जण म्हणतात हे मुरल्याचं लक्षण, चांगलं. फोटो टाकता येत नाहीये.

खारा_वारा:
मुरल्याचं लक्षण वगैरे सोडा, अशा पुडीचे नमुने तपासले तेव्हा बहुतेकदा बुरशीच निघाली आहे. ठिपके ठिपके, उठावदार, लोकरीसारखे किंवा हिरवट-निळसर असतील तर नक्कीच. फक्त रॅपरवर असेल तर बाकीच्यांपासून दूर नेऊन कोरड्या ब्रशने झटका, डबा स्पिरिटने पुसा, वाळवा, पॅक ६२ करा. पेटवायच्या टोकात आत दिसली तर फेकून द्या.

आणि त्याच वेळी टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत का पाहा. असतील तर तो तंबाखूचा भुंगा. अंडी पानातच असतात, २४-२५ अंशांच्या वर गेलं की फुटतात, म्हणजे आपल्याकडे वर्षाचा बराच काळ. भोकं पडलेल्या बाजूला काढा. उरलेल्या सिगारी दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद, एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ ते २० ला किमान तीन दिवस, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग खोलीत. पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही. थेट फ्रीझरमधून बाहेर काढली तर रॅपर तडकतं.

सुपारी_फुटली:
भोकं नाहीत. पूड फक्त दोघींवर आणि फक्त वरून. ब्रश केला, ६२ वर टाकल्या. डबा मोठा आहे, चाळीसेक मावतात, पॅक एकच होतं.

खारा_वारा:
मग तेच कारण. चाळीसला दोन पॅक हवेत. आणि डब्याची लाकडी फळी देवदाराची असेल तर काढा. सिगारच्या पेटीचं लाकूड म्हणजे सेड्रेला, महोगनीच्या कुळातलं, आपल्या तुनाच्या नात्यातलं. देवदाराच्या तेलाचा वास उग्र, तो पानात उतरतो आणि मग जात नाही.